उतरवलेली गोणी

तांडा, शिरड शहापूर
१२ जुलै २०२५

प्रेमदासभियाला शितलचा रामराम.

आमी बरे आहोत. याडीचा उजवा हात अजून उचलत न्हाई, पण भरवताना मला शिव्या देते, म्हणजे तिचं आईपण शाबूत आहे. फोन केला की तू मीटिंगमधी असतोस, म्हणून कागदावर लिहून राहिले.

तू बनवलेल्या फाशांच्या खेळाचं नियमपुस्तक कुरिअरनं मिळालं. 'जादूचे नियम वाचून मत कळव' म्हणालास. कळवते. भंगार आहे.

अरे, काय ती जादू! तुझा मांत्रिक डोंगर फोडतो, नदी वळवतो, रात्री घोरतो अन् सकाळी सगळी शक्ती परत भरलेली. मांत्रिक आहे का मोबाईल? वर 'संतुलित जादू' म्हणून छापलंस. लाज वाटू दे थोडी.

गोठ्यात बसून आपण बहीण-भाऊ फासे टाकायचो तेव्हा नियम काय होता? प्रत्येकाचे पाच बैल, प्रत्येकावर एक गोणी. एकीत बळ, एकीत नजर, मग आवाज, घरचा रस्ता, नाव. मंतर मारायचा तर एक गोणी रस्त्यात उतरवायची. ती परत लादायची न्हाई. मी नववीत होते तेव्हा केलेला नियम. तू काहून काढलास? खेळणाऱ्यांना तकलीफ होते म्हणून?

तुलाच तकलीफ सोसत न्हाई, असं म्हण ना. त्या खेळात शेवटच्या खिंडीतून तुला पार करायला मी पाचवी गोणी उतरवली होती. तू नाचत पलीकडं गेलास. माझे मोकळे बैल बघून म्हणालास, 'पुढच्या खेपेला तुला नेतो.'

याडीला लकवा मारला तेव्हाबी तसंच. 'नोकरी नवी आहे, एक वर्ष तू बघ.' मी नर्सिंगचं ॲडमिशन सोडलं. तीन वर्षं झाली, भिया. ती वर्षं बी झोपल्यावर परत भरतात व्हय?

यंदा औंढ्याला जाऊन मी पुन्हा फॉर्म भरला. नांदेडला नंबर लागला. एकवीस तारखेला हजर व्हायचंय, तिथंच राहायचंय. हे सांगायला एवढं पान खर्ची घातलं, कारण मला भीती वाटते. तू आला न्हाईस तर मी याडीला टाकून जाणार न्हाई, हे तुला बराबर माहीत आहे. त्याच भरवशावर तू तिकडं जादू करून राहिलास.

वीसपर्यंत ये. लॅपटॉप आण, तांड्यावर रेंज येते. याडीला कुशीवर कसं वळवायचं ते मी शिकवीन.

पुस्तक परत पाठवतेय. शेवटच्या कोऱ्या पानावर तुझे पाच बैल काढलेत. पाचही गोण्या भरलेल्या आहेत. एक उतरव.

पाचही उतरवून बसलेली,
शितल