सुट्या काड्यांचा चष्मा

प्रिय ढापणे,

"घसरला की बोटानं वर कर, आणि चालायला लाग." तुझा पहिला चष्मा तुला चढवताना बाबा हे म्हणाले होते, आठवतं का गं तुला? तू दुसरीत होतीस. भिंगं काचेची, तुझ्या चेहऱ्याला न झेपणारी. नाक तर तुला नव्हतंच, नुसता बटणाएवढा उंचवटा होता. आपल्या दुकानातल्या उंच स्टुलावर बसून तू रडत होतीस, की हा पडतोय, हा सारखा पडतोय. बाबांनी गरम वाळूत काड्या मऊ केल्या, तुझ्या कानामागे वळवल्या, आणि तुझी तर्जनी धरून चष्म्याच्या मधल्या कमानीवर टेकवली. मग ते वाक्य. त्या संध्याकाळी तू गल्लीभर तो चष्मा वर करत हिंडलीस, आणि समोरचा इस्त्रीवाला मला म्हणाला, "तुमची धाकटी आज सगळ्यांना सलाम का ठोकतेय?" बाबा अजूनही प्रत्येक लहान मुलाला तेच सांगतात. गेले काही दिवस ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. का, ते सांगते, पण माझ्या चालीनं. मला पटकन मुद्द्यावर येता येत नाही, आणि या वेळी तर यावंसंच वाटत नाहीये.

आधी कामाचं. तुझा नवा चष्मा तयार आहे, याच डबीत, हिरव्या फडक्यात गुंडाळलेला. काड्या पहिल्यासारख्याच सुट्या आहेत, पण आता अंगठ्यानं बाहेरच्या बाजूला जरा ढकललं की टक् करून निघतात. जाड हातमोजे घालून मी करून पाहिलं, जमतं. परत लावताना लोहचुंबक आपणहून ओढून घेतं, चाचपडावं लागत नाही. डावी कुठली नि उजवी कुठली हे बोटांना कळावं म्हणून डावीच्या टोकाला एक बारीक खाच पाडली आहे. नाकावरचे मऊ पॅड रुंद केलेत. आणि खाली दोन रबरी पाय लावलेत, ते तुझ्या कामावरच्या गॅस-मास्कच्या आतल्या, नाकावर बसणाऱ्या वाटीवर टेकतात. म्हणजे काड्या काढल्यावर चष्मा एकट्या नाकाच्या भरवशावर राहत नाही, मास्कच त्याला खालून उचलून धरतो. हे नीट वाच, कारण घालायचा क्रम त्यावर अवलंबून आहे: आधी चष्मा, मग काड्या काढून खिशात, मग मास्क, आणि मग त्याच्या नळीचं तोंड तळव्यानं बंद करून श्वास ओढायचा. मास्क गालांना चिकटला की झालं. तू म्हणशील, ताई, हे मला शिकवतेस? हो. मला आता कुणालातरी काहीतरी शिकवत बसलं की बरं वाटतं.

पहिल्या वेळी तू हे काम घेऊन आलीस तेव्हा मला केवढी मजा वाटली होती! तुझ्या कंपनीनं दिलेली मास्कच्या आत बसवायची फ्रेम तुझ्या जाड भिंगांना पुरेना, पापण्या घासत होत्या. नेहमीचा चष्मा घालून मास्क चढवला तर काडीच्या जागी रबर उचललं जायचं, केसाएवढी फट राहायची, आणि गॅस आत यायला तेवढी फट पुरे असते. चष्म्याशिवाय तुला टाकीत विषारी गॅस किती आहे तो मीटरवरचा आकडा दिसेना. तुमच्यातला तो वेल्डर म्हणाला होता ना, "हिला आत पाठवायची तर मीटर नको, ढोल द्या, वाजवत जाईल, कुठं धडपडली ते बाहेर कळेल तरी." तू हे हसत हसत सांगितलंस, पण पिशवी काउंटरवर जरा जोरातच आपटलीस. मग आपण दोघींनी मिळून तो पहिला सुट्या काड्यांचा चष्मा केला. तुमची मास्कची तपासणी तू पास झालीस आणि फोनवर ओरडलीस, "ताई, कान काढून खिशात टाकले आणि आत गेले!" तो फोन मी स्पीकरवर लावला होता. बाबांनी दुकानात बसलेल्या दोन अनोळखी गिऱ्हाइकांना सांगून टाकलं, की माझी धाकटी सगळ्यांच्या आधी टाकीत उतरते, ती बरं म्हणाली की मगच बाकीचे. तेव्हा मला भीती वाटली नव्हती. खरंच नव्हती. मला वाटलं होतं, सगळी भीती त्या केसाएवढ्या फटीत आहे, आणि ती फट आपण बुजवली.

मग मागच्या खेपेला तू आलीस. तुझा आवाज फुटक्या भांड्यासारखा. आपल्या जिन्यावर मधेच थांबलीस, कठडा धरलास आणि मला म्हणालीस, "किती जाळी साठलीत गं वर," म्हणजे जाळी बघायला थांबल्यासारखं. मी विचारलं तर म्हणालीस, ए.सी.ची सर्दी. बाबांनी तुला वाफ घ्यायला लावली आणि तू मुकाट्यानं घेतलीस. तू आणि मुकाट्यानं! तेव्हाच मला काहीतरी खटकलं. निघताना जोडे घालता घालता, माझ्याकडे न बघता, सहज बोलल्यासारखं तू म्हणालीस, "नाकावर जरा घट्ट बसेल असा दुसरा चष्मा कर बाई. बाकी झकास." आणि मापासाठी म्हणून तुमचा एक बाद झालेला मास्क ठेवून गेलीस. तू सहज बोलतेस तेव्हा तू सहज बोलत नसतेस, हे मला तू दुसरीत असल्यापासून माहीत आहे.

त्यानंतर तुझे दोरीवाले काका दुकानात आले होते. टाकीच्या तोंडाशी दोरी धरून उभे राहतात ते. वाचायचा चष्मा करायचा होता त्यांना. मी त्यांचा नंबर काढत होते आणि ते आपले तुझंच कौतुक करत होते. मग म्हणाले, "पण ताई, तिचा आवाज अजून बसलाय. मी म्हटलं काय झालं, तर म्हणते काका, टाकीत घुमतं छान, गाणं म्हणत होते." ते हसले, मीही हसले. जाता जाता म्हणाले, आवाज बसला त्या दिवशी तू आत जाऊन लगेच दोरी ओढलीस, बाहेर आलीस, मीटरची बॅटरी गेली म्हणालीस, आणि पाणी प्यायला जी गेलीस ती बराच वेळ आलीच नाहीस. "बॅटरी तर मीच सकाळी बदललेली," असं ते अगदी साधेपणानं म्हणाले. त्यांना काही संशय नव्हता, स्वतःवरच चिडले होते बिचारे, की बॅटरी जुनीच लावली गेली की काय. मी त्यांना वरच्या ओळीतली अक्षरं पुन्हा वाचायला लावली. मला थोडा वेळ हवा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात सामसूम होती. मी डोळे तपासायच्या खोलीत गेले, तुझ्या जुन्या चष्म्यासारख्याच दुसऱ्या फ्रेममध्ये माझ्या नंबरची भिंगं बसवून घेतली होती, तो चष्मा घातला, काड्या काढल्या आणि वरून तो मास्क चढवला. पट्टे आवळले. तळव्यानं नळी बंद केली, श्वास ओढला. मास्क चेहऱ्याला गच्च येऊन चिकटला. तू हे रोज करतेस? स्वतःचा श्वास एवढा मोठा ऐकू येतो, जणू आपल्यामागे दुसरंच कुणीतरी उभं आहे. तेवढ्यात पडदा सरकवून एक बाई आत डोकावल्या, मला बघून किंचाळल्याच. "अगं बाई! गॅस सुटलाय की काय इथं?" बाहेरून बाबा शांतपणे म्हणाले, "नाही नाही, बसा तुम्ही. ती माझी थोरली. एरवी बरी दिसते." मास्कच्या आत मला हसू आलं, हसताना गाल हलले, नाकाला घाम होताच, आणि चष्मा घसरला. सगळं धूसर झालं.

आणि ढापणे, माझा हात वर गेला. मी नेला नाही, तो गेला. तर्जनी मास्कच्या काचेवर आपटली. तिथं थांबायला हवी होती ना? थांबली नाही. गालावरून खाली उतरली, रबराची कड शोधली, आत शिरली आणि चष्मा जागेवर ढकलून मोकळी झाली. हे सगळं एका क्षणात, मी विचारही केला नव्हता. भिंगं पुसायच्या औषधाचा तो ओळखीचा वास भस्सकन आत आला, म्हणून मला कळलं की मी मास्क उचललाय. माझ्या भोवती दुकानाचीच हवा होती, म्हणून मी तो काढून खुर्चीवर बसू शकले. तुझ्या भोवती काय होतं?

तुला सर्दी झाली नव्हती. तू एक श्वास घेतलास. एकच, कारण तू तिथं दुसरा घेतला असतास तर दोरी कुणी ओढली असती?

तेव्हापासून मी घाबरलेली आहे. फोन वाजला की घाबरते, नाही वाजला की जास्त घाबरते. गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवताना माझं लक्ष त्याच्या चष्म्याकडे नसतं, हाताकडे असतं. कधी बघ तू. चष्मेवाला माणूस बोलताना, हसताना, दचकल्यावर, विचार करताना बोट वर नेतो, आणि त्याला विचारलं तर म्हणतो, छे, मी कुठं? बाबांनी तुला शिकवलं ते जगातल्या सगळ्या चष्मेवाल्यांना आपोआप येतं. आपण टाकीत जाताना काड्या काढून ठेवल्या, पण हात तर बरोबर नेलाच.

म्हणून हा नवा चष्मा. तो केला नसता तर तू जुनाच घालून गेली असतीस, मला माहीत आहे. मग न करून कसं चालेल? त्याचे पाय मी तीनदा काढून पुन्हा लावले. मास्क घालून मी मान हलवली, वाकले, जिना चढले, उतरले, बाबा म्हणाले आता नाच कर, तेवढंच राहिलंय. चष्मा हलला नाही. मी खूश झाले. तेवढ्यात बाहेर रस्त्यावर कुणाचं तरी पिंप पडलं, मोठा आवाज झाला, मी दचकले. चष्मा जागच्या जागी होता, तरी माझं बोट रबराच्या कडेशी जाऊन पोचलं होतं. चष्मा मी घट्ट केला गं. याच्यापुढचं माझ्या हातात काही नाही.

पुढच्या आठवड्यात तुमची मोठी टाकी उघडणार, आणि सगळ्यांत आधी आत जाणार तू, हे तू बाबांना फोनवर सांगितलंस. त्यांनी परत दुकानभर सांगितलं. हे पत्र मी त्यासाठी लिहिते आहे. टाकी उघडण्याआधी तुमच्या सुरक्षा-प्रमुखांकडे जा आणि त्यांना सांग, की त्या दिवशी बॅटरी गेली नव्हती, मी आत मास्क उचलला. एवढंच एक वाक्य. ते तुला काही महिने बाहेर ठेवतील, छाती तपासायला लावतील, हाताची ती खोड मोडेपर्यंत रिकाम्या टाकीत सराव करायला लावतील. तोवर आत दुसरं कुणी जाईल, आणि तो वेल्डर ढोलाचा विनोद सगळ्यांना पुन्हा सांगेल. तुला हे किती जड जाईल, ते मला कळतं. मी स्वतः त्यांना फोन करू शकते; नंबर दोरीवाल्या काकांकडून मिळेल. पण करणार नाही. तसं केलं तर तू माझ्याशी कायमचं बोलणं टाकशील, आणि काही झालंच तर खरं सांगायलासुद्धा माझ्याकडे येणार नाहीस, याची मला टाकीएवढीच भीती वाटते. म्हणून तुलाच सांगते आहे. पत्र वाचून तू फोन करशील, चष्मा एकदम मस्त झालाय म्हणशील, बाबांची चौकशी करशील, आणि या गोष्टीचा शब्दही काढणार नाहीस. मग मी विचारलं तर म्हणशील, ताई, तू उगाच घाबरतेस. तरी सांग त्यांना. एकदा, माझ्यासाठी, जाऊन सांग.

तुझीच,
घाबरट ताई