फोनवरचं ‘येतो’

मंगळवार, ११ मार्च

चिरंजीव विमानवीरास आईचे आशीर्वाद.

मी बरी आहे, तुम्ही तिघंही बरे असाल. झालं शिष्टाचाराचं, आता ऐक. पत्र अशासाठी लिहितेय, की कागदाला तुला "आई, एक मिनिट हं" म्हणता येत नाही.

मागच्या आठवड्यात फोन संपवताना तू म्हणालास, "बरं आई, येतो मग." मी आतली खोली झाडून काढली. तुझी ती जाड उशी उन्हात टाकली. शनिवारी तुला सुट्टी, म्हणून दारावरची बेल ऐकू यावी यासाठी पंखा बंद करून उकडत बसले. संध्याकाळी आला तो तुझा फोन! "अगं, मी येण्याचं म्हणालो नव्हतो. निरोप घेताना आपण म्हणतो ना, तसं म्हणालो."

आपण म्हणजे कोण रे? अख्खी नोकरी मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. कानाला हेडफोन लावून परक्यांचे ट्रंक कॉल जोडले, ऐकू नये तेही ऐकलं. फोन संपवताना माणसं ‘ठेवतो’ म्हणतात. ‘येतो’ म्हणतात ते दारात, चप्पल पायात सरकवताना. घरातून निघताना ‘जातो’ म्हणू नये, हे मीच तुला शिकवलं, कबूल. पण तू कुणाच्या दारात उभा होतास? कॉन्व्हेंट शाळेत आमच्या सिस्टर अशा चुकीच्या शब्दाबद्दल बाकावर उभं करायच्या. तुला कुणी केलं नाही, हेच चुकलं.

वर मलाच ऐकवतोस, "सव्वा तासाचं तर विमान आहे, तूच ये ना!" सव्वा तास विमानाला लागतो, मला नाही. आधी टॅक्सीवाल्याची मनधरणी. मग रांगेत घड्याळ काढा, बूट काढा, यंत्र वाजलं की गुडघ्यात धातू बसवलाय ते सांगा. पुढे विमानाच्या फाटकापर्यंत इतकं चालायचं, की वाटावं घरूनच चालत निघालो असतो तर पोचलो असतो. उतरल्यावर तुझं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. सकाळी निघालेली बाई दिवेलागणीला पोचते आणि तू सव्वा तास म्हणतोस. हवेतलं अंतर मला सांगू नकोस, मी जमिनीवर राहते.

आणि सध्या तर मला कुठे जायचंच नाहीये. का, ते तू विचारलं नाहीस.

काखेत गाठ आहे. वाटाण्याएवढी. पुढच्या गुरुवारी काढून तपासायला पाठवणार आहेत. शेजारीण डबा देते म्हणाली आहे, त्यामुळे लगेच रडका आवाज काढून फोन करू नकोस.

हॉस्पिटलच्या खिडकीतल्या पोरीने विचारलं, "जवळचे नातेवाईक कोण?" म्हटलं, मुलगा. "कुठे असतात?" मी तुझं शहर सांगितलं. "अय्या, मग जवळच की, आजी! विमानाने सव्वा तास!"

आणि मी, मी, तिला "हो" म्हणाले. हसूनसुद्धा. बाहेर येऊन बाकावर बसले तेव्हा इतका संताप आला, की रिक्षा बोलवायचीच विसरले.

आता फोन करशील तेव्हा शेवटचा शब्द जपून वापर. ‘ठेवतो’ म्हणालास तर ठेवलास असं समजेन, भांडणार नाही. ‘येतो’ म्हणालास, तर मी उशी पुन्हा उन्हात टाकणार आहे.

तुझी जवळची नातेवाईक,
आई