डाव्या कुशीची फळी

३ मार्च

आलो एकदाचे. घर झकास आहे. वर राहायच्या खोल्या, खाली भरपूर उजेडाची कामाची खोली आणि तिथे टेबलावर ती : जुन्या स्पॅनिश आरमारातल्या युद्धनौकेची लाकडी प्रतिकृती. लांबी माझ्या पसरलेल्या हातांएवढी. घरमालकीणबाईंचा भाऊ आयुष्यभर हिच्यावर खपला. तो गेला, शिडं आणि दोर राहिले. ते मी पुरे करायचे, तोवर घर आमचं. मी हे काम कुठल्या शाळेत शिकलो नाही, पण तोफांच्या खिडक्यांची इवली झाकणं पाहून सांगतो, माणूस जाणता होता. पुढच्या टोकाला कोरलेला सिंह पाहून बायको म्हणाली, ह्याला तुम्हीच पुसा, मला बोटं हवी आहेत.

५ मार्च

खोट सापडली. डाव्या कुशीला, पाण्याच्या रेषेखाली, एक फळी बसवलेलीच नाही. बरगड्या उघड्या. काही कारागीर आतली रचना दिसावी म्हणून जागा सोडतात, ठाऊक आहे मला. पण ती आखून-रेखून. हा म्हणजे पडलेला दात. बाई म्हणाल्या, भावासाठी तेवढी मोकळी राहू दे. म्हातारपणी माणूस हळवा होतो. बायको म्हणाली, तुम्ही देवाच्याही कामात चुका काढाल. काढीन, असल्या तर.

८ मार्च

बसवली. महोगनीची फळी वाफेवर वाकवली, घासली, लावून पाहिली, पुन्हा घासली. मग सरस. बाईंना सांगितलं नाही. कामातलं त्यांना काय कळणार?

९ मार्च

घराच्या खिडक्या फुगून बसल्यात. सुतार आला, घाम गाळून गेला. एकही उघडली नाही. बायकोला दम लागतोय. अंगणात नेलं, तिथेही तेच. डॉक्टर म्हणतात, छाती स्वच्छ आहे.

११ मार्च

जहाज आतून वाजतं. लाकूड हवामानाप्रमाणे बोलतं, हे मीच लोकांना सांगत आलो. पण लाकूड ठोकून मग उत्तराची वाट पाहत थांबत नाही. कान देऊन पुन्हा ठोकत नाही.

१२ मार्च

बायकोचे ओठ निळे पडलेत. बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, भावानेही एकदा ती फळी बसवली होती. आई गुदमरायला लागली, तेव्हा त्याने ती उखडली. आई वाचली. तो कामाच्या खोलीतून बाहेर आलाच नाही. मी म्हटलं, भाकडकथा, बायकोला यातलं सांगू नका. म्हटलं खरं—

१३ मार्च

पटाशी घातली. स्वतःचं काम उखडताना बायकोपेक्षा फळीचं वाईट वाटलं. क्षणभरच. पण वाटलं. फळी सबंध निघाली. वर तिने मोठा श्वास घेतला, इथपर्यंत ऐकू आला. खिडकी धाडकन उघडली. वाचली ती! आत बोटं घालून सरस खरवडतोय, डाव्या हाताने लिहि— कोणीतरी बोटं धरली—

अंधार. वही आहे हातात. डोक्याला तुळई लागते. एका फळीएवढ्या फटीतून उजेड.

शेजारी कोणीतरी श्वास घेतंय. सावकाश. मोजून-मापून.

ती खाली आली. अहो, अहो म्हणून हाका मारतेय. मी ओरडतोय— तिला ऐकू जात नाही—

टेबलाजवळ आली. फळी उचलली. मला अर्धवट काम बघवत नाही, हे तिच्याइतकं कोणाला— मला खूश करायला— सरस लावतेय. किती नीट लावतेय—

उजेड कमी—

अगं, नको, तुझाच श्वास पुन्हा—