राखीव जागा आणि परत गेलेला टँकर

बोरिवली (पूर्व), रविवार

प्रिय दादू,

सप्रेम नमस्कार. हे पत्र ज्या टेबलावर लिहितोय ते मी स्वतः केलेलं. त्यावरचा दिवा, घरातला इन्व्हर्टर आणि आमच्या सोसायटीचं फाटक व कॅमेरे सांभाळणारा कॉम्प्युटर, हेही याच दोन हातांचं. (फाटक लोहाराचं. नको ते श्रेय मी घेत नाही.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनी जिना चढू देत नाहीत म्हणे, त्यांचंच ऐक. माझं ऐकून काय होतं ते पुढे लिहितो.

तर तो कॉम्प्युटर. बंद करून चालू केला की आधी फर्मवेअर, म्हणजे बोर्डातच कोरलेला मूळ प्रोग्रॅम, उठतं, एकेक भाग तपासतं, मेमरीतला एक तुकडा स्वतःसाठी राखतं आणि मग कर्नलला, म्हणजे मुख्य कारभाऱ्याला, जागांची यादी देतं. यात चार मिनिटं जातात, तोवर फाटक मुकाट. म्हणून मी फर्मवेअरला न उठवता जुन्या कर्नलमधून थेट नव्यात जायची सोय केली. अट एकच, यादी जुन्याने पुढे द्यायची. जसं घर सोडताना आपण नव्या बिऱ्हाडाला सांगतो, बाबा, या भिंतीत खिळा मारू नको, आत पाइप आहे. ती यादी मी माझ्या हाताने लिहिली (तयार माल मला चालत नाही) आणि तीत राखीव तुकडा मोकळा दाखवून टाकला. कितीतरी दिवस पाहिलं होतं, तिथे कोणी फिरकत नव्हतं. फोनवर तू म्हणालास, "नंद्या, रिकामं दिसतं म्हणून बेवारशी नसतं रे. ज्याने राखलंय त्याला विचार." त्यावर मी काय बोललो ते लिहीत नाही. वाचून तुझा गुडघा पुन्हा दुखायचा.

काल सभासदांसमोर प्रात्यक्षिक होतं. नवा कर्नल आठ सेकंदांत वर! टाळ्या पडल्या. अध्यक्ष शर्मिष्ठाबाई चक्क "झकास!" म्हणाल्या (एरवी दोष काढायलाच तोंड उघडतात). तेवढ्यात बोर्ड तापला, ते आवरायला फर्मवेअर आपल्या राखीव जागेवर आलं, तर तिथे नव्या कर्नलने संसार थाटलेला. दोघांनी एकमेकांचं लिहिलेलं पुसलं. कॅमेऱ्यांच्या पडद्यावर शर्मिष्ठाबाईंच्या डोक्यावर स्कूटरचं पार्किंग आलं, मग काळोख. फाटक बंद, बाहेर पाण्याचा टँकर हॉर्न मारतोय. "काका, उघडताय का जाऊ मालाडला?" ड्रायव्हर ओरडला, आणि गेला. फाटक हाताने उघडायची चावी माझ्याच खिशात होती, हे टँकर वळल्यावर आठवलं. आज अख्ख्या सोसायटीने बाटलीतल्या पाण्याने तोंडं धुतली. माझा कॉम्प्युटर काढून तयार डबा आणायचा ठराव एकमताने झाला. (एकमताने म्हणजे आमच्या सौ. क्षमानेही हात वर केला.)

यादी मी आता दुरुस्त केली आहे. राखीव तुकडा जसाच्या तसा पुढे जातो, कुठे अडत नाही. पण बघायला कोणी नाही. मशीन आमच्या पलंगाखाली आहे.

तुझा,
नंदू

ता. क. : मुलुंडच्या तुझ्या रिपेअरिंगच्या दुकानात खिडकीजवळचं टेबल तू माझ्यासाठी ठेवलं होतंस. अजून रिकामं असेल, तर रिकामं दिसतंय म्हणून कोणाला देऊ नकोस.

आणखी एक ता. क. : दादूने तेव्हा नेमकं काय देऊ केलं होतं, असं क्षमा विचारत होती. विसरलो म्हणालो. विसरलेलो नाही. पाटीवर तुझं नाव आधी येणार म्हणून मी नाकारलं ते हे : निम्मी भागीदारी, शिवाय दरमहा अठ्ठावीस हजार रुपये.