शिंपीकाकांच्या छतावरचा कोट

तीर्थरूप मामांच्या चरणी, कॉलेज अर्ध्यात सोडलेल्या भाच्याचा पूर्ण नमस्कार.

तुमची कंबर काय म्हणते? मामींचा गुडघा जिना चढू देतो का? आमच्याकडे माणसं ठणठणीत आहेत, आजारी फक्त घर आहे. त्याचा डॉक्टर मी असल्यामुळे (कॉलेज सोडलं तेव्हा तुम्ही दिलेला पाइप पाना जपून ठेवलाय) आजार बळावलाय.

झालं असं, की आमच्या बाथरूमच्या बरोबर खाली शिंपीकाकांचं दुकान आहे, आणि त्यांच्या कापायच्या टेबलाच्या बरोबर वर छताला ओल आली. दुसरा कुणी असता तर बोंब ठोकत वर आला असता. काका टेबलावर चढले, कापडावर खुणा करायच्या खडूने ओलीची कड आखली आणि शेजारी तारीख घातली. मग रोज सकाळी नवी रेघ. पहिल्या दिवशी नुसता खिसा होता, आठवड्यात बाही झाली, मग एका बाहीचा कोट झाला, कॉलरसकट. रविवारपर्यंत गळती थांबली नाही तर दुकान आणि बिऱ्हाड दोन्ही हलवतो, असं त्यांनी आमच्या बाबांना अगदी शांतपणे सांगितलं. बिऱ्हाडात त्यांची मुलगीही आली. ती अंगणापलीकडच्या पडवीत मशीनवर बसते. (तिच्याबद्दल मी काही लिहिणार नाही. लिहायला बसलो तर कागद पुरणार नाही, आणि तुम्ही ते आईला वाचून दाखवाल.)

मी तडक खाली गेलो. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे, निदान आधी आणि तपासणी मागून. म्हटलं, काका, आमच्या घराला नावं ठेवू नका, तुमच्याच इस्त्रीची वाफ वर जाऊन छताला लागते. काकांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "अर्धं का होईना, कॉलेज केलंयस म्हणून विचारतो. वाफ एकाच जागी कशी रे बसते?" मी म्हटलं, बसते एखादी. त्या भल्या माणसाने खरोखर दोन दिवस इस्त्री बंद ठेवली. गिऱ्हाइकं चुरगळलेल्या पँटी घेऊन, तोंडाला येईल ते बोलून गेली. तेवढ्यात कोटाला दुसरी बाही फुटली.

मग मी शास्त्राकडे वळलो. मोरीत कपड्यांची नीळ ओतली. छत निळं झालं तर दोष सांडपाण्याच्या पाइपात. छत निळं झालं नाही. मग फ्लशच्या टाकीत ओतली. छत तरीही झालं नाही, पण नीळ कुणी फ्लश न करताच संडासाच्या भांड्यात झिरपत राहिली (म्हणजे टाकीचं रबर गेलंय, हा वेगळाच शोध), आणि सकाळी ते निळं पाणी बघून बाबा आपल्याला जगावेगळा रोग झाला असं समजून दीड तास विम्याचे कागद शोधत बसले. बेसिनखालचा वाकडा पाइप उघडला, तर त्यात आईचं हरवलेलं कानातलं निघालं, त्यामुळे त्या दिवशी मला जेवायला तरी मिळालं. शेवटी घरातला एकूण एक नळ बंद केला आणि मीटरपाशी उकिडवा बसलो. काटा आपला फिरतोच आहे. म्हणजे गळतोय तो भिंतीत गाडलेला, नळाला पाणी आणणारा पाइप. पण भिंत फोडायची कुठे? मी म्हटलं, सगळीकडे. बाबांनी पाना काढून घेतला.

काल जिन्यात तिने माझ्या हातात चिठ्ठी दिली. मामा, आयुष्यातली पहिली. गच्चीवर जाऊन उघडली. 'बाबांची सगळ्यात आतली रेघ खिडकीपासून सरळ पाच फूट तीन इंच, जिन्याकडच्या भिंतीपासून दोन फूट. गळती तिथूनच सुरू झाली असणार.' बास, एवढंच. तरी मी ती चार वेळा वाचली. मग वर टेप धरला, तो बेसिनमागच्या भिंतीला जाऊन टेकला. हात लावला, तर भिंत ओली.

असो. जिवाला जपा, मामींना नमस्कार सांगा. माझं काही मागणं नाही.

ता. क. : शनिवारी या. छिन्नी, हातभर पाइप आणि दोन जोड घेऊन या.

ता. क. २ : भिंत फोडाल तेव्हा आरशाचा खिळा पाइपात घुसलेला दिसेल. तो मी ठोकला. आरसा आधी दारापाशी होता, तिथून पडवी दिसत नव्हती. बेसिनवर लावला, की दाढी करताना मागच्या खिडकीतून थेट मशीन दिसतं. (हल्ली मी दोनदा दाढी करतो. दाढी तेवढी नाही.) मुख्य कॉक बंद केल्याशिवाय खिळा उपटू नका, अर्धं पाणी तोच अडवून बसलाय. काकांना सांगा, जुना लोखंडी पाइप, आतून गंजला होता. त्यांच्या इस्त्रीवर आळ घेतलेला माणूस मीच आहे, हे ध्यानात असू द्या.

ता. क. ३ : पाकीट चिकटवता चिकटवता चिठ्ठी उलटी केली. मागे बारीक अक्षरात आहे : 'आरसा लागला आणि दोन दिवसांनी पहिली रेघ पडली. बाबांना मी सांगणार नाही, तुम्ही सांगा. आणि आरसा परत लावाल तेव्हा दोन इंच खाली लावा. पडवीतून नाकाच्या वरचंच दिसतं.'

गंजलेल्या पाइपाचं राहू द्या, मी आत्ताच काकांकडे चाललोय. तुम्ही नवा पाइप फक्त जरा बाजूने न्या. खिळ्याला जागा हवी.