पोकळ लाटफळीत ठोकलेल्या चार खिळ्यांबाबत

प्रति,
मा. मुख्य अधिकारी साहेब,
पूर-बचाव साहित्य कचेरी, अकोला

अर्जदार : शेषराव किसन गोपनारायण, सुतारकाम, जुनं शहर, अकोला

विषय : लाटफळी ही जळाऊ लाकूड नसल्याबाबत, आणि तिच्यातले खिळे मी ठोकले नसल्याबाबत.

संदर्भ : आपल्या कचेरीच्या दारावर डकवलेली, लाटफळी जळाऊ लाकूड म्हणून लिलावात काढायची नोटीस. (मले कोणी दिली नाही. मी रस्त्यात उभ्यानं वाचली.)

महोदय,

१. सविनय अर्ज करतो की, मी मुंबईले बोटीच्या कारखान्यात कामाले होतो. तिथं समुद्रात लाटेवर उभं राहायच्या पोकळ फळ्या बनवणं आणि फुटल्या तर दुरुस्त करणं हे माझं काम. गावी परत आल्यावर ही गोष्ट मी एकाच माणसाले सांगितली. तो माणूस म्हणजे आपल्या कचेरीचे स्टोअरकीपर श्री. पंजाबराव. लहानपणी मोर्णेच्या डोहात आम्ही दोघं एकच वाळला भोपळा धरून पोहायले शिकलो. त्यानंच आपल्या आधीच्या साहेबाच्या कानावर घातलं की, पुरात झाडावर अडकलेल्या माणसापर्यंत जायले अशी फळी नावेपेक्षा बरी. एकटा माणूस तिच्यावर पालथा पडून हातानं पाणी मारत जाऊ शकते. साहेबानं हुकूम काढला. अकोल्यात समुद्र नाही हे एका कारकुनानं लक्षात आणून दिलं होतं, पण तोवर हुकमावर सही झाली होती.

२. फळीची बनावट अशी : आत सागाच्या बारीक पट्ट्यांचा सांगाडा, मासळीच्या काट्यासारखा. त्याच्यावर दोन्ही अंगांनी प्लायवुडची कातडी. कातडीवर काचेच्या धाग्याचं कापड आणि कापडावर राळ. राळ वाळली की दगड होते, पण वाळेपर्यंत तिचा वास असा की, माझी बायको चतुराबाई "घर हाये का मसनवटी?" म्हणून मोर्शीले माहेरी निघून गेली. फळीच्या पोटात हवेशिवाय काही नाही. टोकाले एक पितळी बूच. पाण्यात न्यायची तर बूच घट्ट लावायचं, बाहेर काढली की उघडून ठेवायचं, कारण उन्हात पोटातली हवा फुगते. एवढी दोन वाक्यं मी पंजाबरावकडून पाठ करून घेतली. पातूरकडच्या तलावात पहिल्यांदा फळी टाकली तवा तिच्यावर पालथा पडणारा माणूस तोच. मधोमध जाऊन वरडला, "शेष्या, मी तं बदक झालो रे बावा!" हे साहेबांनी ध्यानात ठेवावं. मी तर विसरू नाही शकत.

३. कचेरीत फळीची नोंद कोणत्या सदरात करावी हे न समजल्यानं ती फर्निचरात झाली. मग तिले फर्निचरासारखंच वागवलं गेलं. तिच्यावर फाइली चढल्या. दुपारी शिपाई झोपला. एका निरोपसमारंभात तिच्यावर चिवडा वाढला. मग कोणाच्या तरी नजरेत आलं की बूच उघडं आहे, आणि सरकारी माल उघडा ठेवता येत नाही. बूच लावून वर लाखेची मोहोर मारली. महिना वैशाख, छप्पर टिनाचं, ऊन अकोल्याचं. फळी पुरीसारखी फुगली आणि भर दुपारी जोडातून फाटली. आवाज असा झाला की, हेडक्लार्क साहेब टेबलाखाली गेले आणि रस्त्यावरचा टांगा न विचारता पुढच्या चौकात गेला. चौकशीत मोहोर शाबूत निघाल्यामुळं कोणावर ठपका आला नाही. फळी मी दुरुस्त केली. जोड उकलला, सावलीत सुकवला, नवं कापड नवी राळ चढवली. मग बाजारात टरबूज वाजवून पाहतात तशी बोटाच्या पेरानं सगळी फळी वाजवून पाहिली. टणटण वाजली म्हणजे कातडी सांगाड्याले धरून आहे. भद्द वाजली म्हणजे आत सुटली. टणटणच वाजली. पंजाबराव बाजूले उभा होता. त्यानं पण वाजवून पाहिली.

४. त्याच पंजाबरावनं, वरून तपासणी येणार म्हणून, प्रत्येक फर्निचरावर नंबराची पाटी पाहिजे या नियमानं, आमच्या फळीले पत्र्याची पाटी चार खिळ्यांनी ठोकली. खुर्चीले खिळा ठोकला तर खुर्ची खुर्चीच राहते. पण फळीची कातडी भाकरीएवढीच जाड. तिले खिळा ठोकला की चाळणी होते. हे अकोल्यात दोनच माणसांले माहीत होतं, आणि त्यातल्या एकाच्या हातात हातोडी होती.

५. नंतर तलावावर प्रात्यक्षिक झालं. फळीवर आपण सोता होते, म्हणून जास्त लिहीत नाही. मी हात जोडून विनंती केली होती की साहेब, पालथं पडा. पण आपण समुद्रातल्या फळीच्या फोटोत उभा माणूस पाहिला होता, तवा आपण उभे राहिले. गळ्यात हार होता, फळीवर पण झेंडूची फुलं पसरली होती, म्हणून पाटी मले आधी दिसली नाही. बँड वाजून राहिला होता. आपण हळूहळू कमी होत गेले. लोकांले वाटलं प्रयोगच असा आहे, म्हणून टाळ्या पडल्या. आपण कमरेइतके झाले तवा मले चार जागी बुडबुडे दिसले, चौकोनात, पाटीच्या मापाचे. शिंगाडे काढणारी पार्बताबाई, तरंगायले धरते ती आपली पालथी मडकी घेऊन आली आणि म्हणाली, "धरा साहेब मडकं. लाजू नका, पानी काई वळखत नाही साहेबाले." ती नसती तर हा अर्ज दुसऱ्या साहेबाच्या नावानं लिहावा लागला असता.

६. चौकशीत पंजाबरावले विचारलं, खिळे कोणी ठोकले? तो बोलला, "फळी बनवतानाच सुतारानं ठोकले असतील." असतील! साहेब, मी फळीजवळ जाऊन पाहिलं. चारही खिळे एकाच बाजूले कललेले आहेत, डावखुऱ्या माणसानं ठोकले म्हणजे कलतात तसे. पंजाबराव डावखुरा आहे हे मी सांगायची गरज नाही. आपण त्याच्या हातून पगारपत्रक घेता.

आता गावात माझं नाव बुडवे मिस्त्री पडलं. मनकर्णाबाईनं खाट करायले टाकली, आणि न्यायले आली तवा विचारते, "मिस्त्री, हे बुडनार तं नाही ना?" मी हसलो, पण घरी जाऊन जेवलो नाही. तिचं मी मनावर घेत नाही. रोज संध्याकाळी माझ्या दुकानाच्या फळकुटावर बसून चहा पिणारा पंजाबराव आता माझं दुकान लागू नये म्हणून मागच्या गल्लीतून घरी जाते. त्या गल्लीत गुडघाभर चिखल आहे. एवढा चिखल तुडवते, पण मले तोंड नाही दाखवत. माणूस खोटं बोलला, हे मी पचवलं असतं. पण त्यानं ती फळी सोता वाजवून पाहिली होती. बदक झालो म्हणून वरडला होता.

७. तरी विनंती की :

लिलाव थांबवावा. फळीत राळ आहे, चुलीत घातली तर घेणाऱ्याची बायको पण माहेरी जाईल.

फळी मले दुरुस्तीले द्यावी. पाटी काढून, फळी पालथी करून, आतलं पाणी निथळू देऊन, सावलीत चांगली सुकवून, भोकांत सागाच्या खुंट्या बसवून वर कापड आणि राळ लावली की ती पुन्हा माणूस उचलते. भोकं कुठं होती ते नंतर मले पण नाही दिसणार. मजुरी नको. पण पुढच्या पुरात कोणी झाडावर बसून वाट पाहत असला, तर त्यानं माझ्या नावानं बोटं मोडू नये.

एकच अट आहे. खिळे मी काढणार नाही. पंजाबरावनं माझ्या दुकानात येऊन, माझ्यासमोर, डाव्या हातानं काढावे. जबाब नको, माफी नको, त्याच्या नोकरीले धक्का तर मुळीच नको. त्याले लेकरंबाळं आहेत आणि त्यातलं मोठं माझ्याच मांडीवर मोठं झालं. तो काही बोलला नाही तरी चालते. भोकं बुजवायचं काम माझं.

आपल्या हुकमाची आणि त्याच्या डाव्या हाताची वाट पाहणारा,

आपला नम्र
शेषराव किसन गोपनारायण
अकोला, दि. ३ ऑक्टोबर १९६४

सोबत :
१) पितळी बूच. प्रात्यक्षिकाच्या दिवशी ते घट्ट लावलेलं होतं, पाणी तिथून गेलं नाही.
२) आपला डाव्या पायाचा बूट. पार्बताबाईले शिंगाड्याच्या वेलीत सापडला. वाळवून पालिश केला आहे.
३) खिळे उपटायचा जंबूर, पंजाबरावसाठी. कचेरीनं तो फर्निचरात लावून त्याच्यावर नंबर मारू नये. काम झाल्यावर टपालानं पाठवू नये, त्यानंच घेऊन यावा. समोरच्या रस्त्यानं.