कोंडाजींना घोड्यावरून उतरवावे

मी, सयाजी बाबूराव तापकीर, वय अठ्ठ्याहत्तर, मूळचा चऱ्होलीचा, राहणार आकुर्डी, दुचाकीच्या कारखान्यातून निवृत्त, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवतो. डोके शाबूत आहे, फक्त जिवाला स्वस्थता नाही. कारण कलम तीनमध्ये आहे.

१. राहता फ्लॅट मुलगा रविराज याला. बाल्कनी बंद करून खोली काढायचा त्याचा बेत मला ठाऊक आहे. कर बाबा, माझी हरकत संपली. पान्यांची पेटी मात्र मुलगी रुपालीला. रविराजला खिळा ठोकता येत नाही.

२. चुलतभाऊ गणराजला काही नाही. त्याने चऱ्होलीची जमीन बिल्डरला दिली आणि सोसायटीच्या गेटवर आमच्या आजोबांचा फायबरचा पुतळा बसवला, उधळलेल्या घोड्यावर. माझ्या दहाव्याला त्याने भाषण करू नये.

३. देवघरातला आजोबांचा, म्हणजे कोंडाजींचा, चांदीचा टाक. आमच्यात कर्ता पुरुष गेला की त्याची आकृती चांदीच्या पत्र्यावर ठोकून देवांत बसवतात. कोंडाजी शेतकरी. रिसाल्यात स्वतःची घोडी घेऊन जाता यावे म्हणून त्यांनी नांगराची बैलजोडी विकली. आजी कस्तुरा बैलांच्या गळ्यात पडून रडली होती. पहिल्या महायुद्धात, तिकडे पॅलेस्टाइनला, गोळी घोडीला लागली. पाय रिकिबीत अडकला, घोडी अंगावर कोसळली आणि आजोबा तिच्याखालून निघालेच नाहीत. सोबतच्या स्वाराने परत येऊन हे आजीला अंगणात उभ्याउभ्या सांगितले.

तरीही सोनाराने रिवाजाप्रमाणे टाकावर घोडेस्वारच ठोकला. दर दसऱ्याला नैवेद्य दाखवताना आजी टाकाला म्हणायची, "आदी खाली उतरा, मंग जेवा." आम्ही पोरे हसायचो. ती गेली तेव्हाही आजोबा घोड्यावरच होते. हल्ली पाय अडकल्यासारखा वाटून मीच दचकून जागा होतो.

मी हयातीतच टाक बदलायला निघालो, तर गणराज भावकी घेऊन दारात आला. "स्वाराला नांगऱ्या करतोस व्हय, सयाजी?" मेलेल्या माणसाशी भांडणे त्याला जमणार नाही, म्हणून हे कागदावर.

रविराज म्हणतो, "पप्पा, माझ्या रावेतच्या घरात एवढे टाक कुठे ठेवायचे? इंद्रायणीत सोडू." हा सोडायचा नाही. हा रुपालीला द्यावा. माहेरचा टाक लेकीकडे जात नाही, हे मला कोणी शिकवू नये. तिने तो मोडून त्याच चांदीचा नवा करून घ्यावा. सोनाराकडे तसा साचा नसेल तर हाताने कोरून घ्यावा. कोंडाजी जमिनीवर उभे, हातात कासरा, पुढे त्यांचे दोन्ही बैल.

४. हे होईपर्यंत माझा टाक करू नये. त्यांच्या आधी मी टेकणार नाही.

५. नव्या टाकापुढे पहिल्या दसऱ्याला रुपालीने पुरणपोळीचे ताट ठेवावे आणि आजीच्या वतीने एवढेच म्हणावे, "उतरलात. आता जेवा."

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि दोघांच्या देखत सही केली.

सही : सयाजी बाबूराव तापकीर
साक्षीदार : सुरेंद्र देशमाने, शेजारी
साक्षीदार : डॉ. मृदुला साने
आकुर्डी, १४ ऑक्टोबर २०२४